मोठे झाड पाडण्यासाठी चेनसॉच्या बारची लांबी कशी ठरवावी

चेनसॉ घेताना बहुतेक नवखे लोक झाडाकडे पाहून बार, म्हणजे चेन जिच्या कडेवरून फिरते ती लांब पट्टी, निवडतात. मीही तेच केले होते. सुमारे ६५ सेंटिमीटर व्यासाचे टणक लाकडाचे खोड पाडायचे होते, हाताशी ६० सीसीचे यंत्र होते आणि व्यासापेक्षा लांब असावा एवढाच विचार करून मी त्याला २८ इंची बार चढवला. पहिली चार बोटे काप व्यवस्थित गेला. पण बार पूर्ण खोडात शिरल्यावर इंजिनचा आवाज बसू लागला, ढलप्यांऐवजी पिठासारखा काळपट भुसा पडू लागला आणि बार बाहेर काढून पाहिला तेव्हा त्याच्या कडांवर निळे डाग उमटलेले होते. सोबतच्या जुन्या कारागिराने फारसे न बोलता तो बार उतरवला, २० इंची बार आणि धार लावलेली चेन चढवली व दोन्ही बाजूंनी कापत तेच खोड पाडले.

बारची लांबी आधी इंजिन ठरवते, मग झाड, हे मला त्या दिवशी कळले. खाली दिलेला क्रम त्यानंतरच्या अनुभवातून बसलेला आहे. मात्र हा लेख बारच्या निवडीपुरता आहे, झाड पाडण्याच्या प्रशिक्षणाची जागा तो घेऊ शकत नाही. पोकळ, वाळलेली, खूप कललेली किंवा वीजतारांजवळची झाडे नवख्या माणसाने हाती घेऊच नयेत. तिथे बार कितीही योग्य असला तरी उपयोग नाही.

सुरुवातीला जवळ काय असावे

- मापनफीत, खडू आणि दोन सरळ काठ्या
- यंत्राची माहितीपुस्तिका, विशेषतः त्यातील बार व चेनच्या जोड्यांचा तक्ता
- प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या किमान दोन-तीन पाचरी आणि त्या ठोकण्यासाठी हातोडा
- चेनच्या पिचला (कड्यांच्या मापाला, पाहा पायरी ५) जुळणारी गोल कानस आणि चपटी कानस
- जाळीचा पडदा व कान झाकणारे कप असलेले हेल्मेट, काप रोखणाऱ्या तंतूंची पॅन्ट किंवा पायआवरण, पुढे पोलादी टोपी असलेले बूट, हातमोजे
- रक्तस्राव थांबवण्याची पट्टी असलेली प्रथमोपचार पेटी आणि हाकेच्या अंतरावर एक माणूस

लोखंडी पाचर मुद्दामच यादीत नाही. चालती चेन तिला लागली तर दाते जातात आणि तुकडे उडतात.

१. खोड जिथे कापणार तिथेच मोजा

झाडाचा व्यास सांगताना तो साधारण छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर मोजलेला असतो. पण झाड तिथे कापले जात नाही; काप बराच खाली, बुंधा रुंदावतो त्या भागात येतो. छातीच्या उंचीवर १९० सेंटिमीटर घेर असलेले खोड कापाच्या पातळीवर सहज २२० सेंटिमीटर भरू शकते. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो, म्हणजे वर साठ सेंटिमीटर वाटलेले झाड खाली सत्तरचे निघते. हा दहा सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एका पूर्ण मापाचा बार होय.

घेरावरून काढलेला व्यास हा सरासरी असतो, त्यामुळे खोड गोल नसेल तर तो फसवतो. अशा वेळी खोडाच्या दोन्ही बाजूंना काठ्या उभ्या धराव्यात, त्या एकमेकींना समांतर ठेवून त्यांमधले अंतर मोजावे, आणि असे दोन दिशांनी करावे. झाड ज्या दिशेला पाडायचे आहे तिच्याशी काटकोनात असलेली रुंदी बारसाठी महत्त्वाची असते, कारण बार त्याच दिशेत आडवा शिरतो. साल वजा करू नये. बारला तीही पार करावी लागते.

२. एका खोडासाठी तीन आकडे काढा

‘अमुक व्यासाला अमुक बार’ असे एकच उत्तर नसते. वरचे ७० सेंटिमीटरचे खोड उदाहरण म्हणून घेऊ.

पहिला आकडा एकाच बाजूला उभे राहून आरपार कापण्याचा. त्यासाठी व्यासापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, जास्त लांबी धरतात. इथे ती ७५ सेंटिमीटर येते आणि बाजारात मिळणाऱ्या मापांत बहुधा ३२ इंची बारकडे जावे लागते.

दुसरा आकडा बिजागरीचा. झाड ज्या बाजूला पडायचे त्या बाजूला आधी खाच घेतात आणि मागून काप आणताना मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता राखतात. हीच बिजागरी, आणि झाड पडताना त्याला दिशा देते ती हीच. खाच व्यासाच्या एक पंचमांश खोल असेल तर बिजागरीच्या रेषेची लांबी गोल खोडात बरोबर व्यासाच्या ८० टक्के येते, म्हणजे ५६ सेंटिमीटर. खाच एक चतुर्थांश खोल गेली तर तीच रेषा सुमारे ८७ टक्के, म्हणजे ६१ सेंटिमीटर होते. ६० सेंटिमीटरचा, म्हणजे २४ इंची बार इथे अगदी काठावर बसतो. तो बिजागरीच्या रेषेत पलीकडे पोचत असेल तर बिजागरीची दोन्ही टोके एकाच कापात सरळ येतात; पोचत नसेल तर दुसऱ्या बाजूला जाऊन कापाची पातळी जुळवावी लागते.

तिसरा आकडा दोन्ही बाजूंनी कापण्याचा. त्यात बार खोडाच्या मध्यापलीकडे थोडा तरी गेला पाहिजे. निम्मा व्यास ३५ सेंटिमीटर. त्यात काही बोटे जास्तीची धरली की ४० ते ४५ सेंटिमीटरचा, म्हणजे १६ ते १८ इंची बार कागदावर पुरतो. कागदावर म्हणण्याचे कारण असे की नवख्या हाताला थोडी चूक सामावून घेणारी लांबी लागते. म्हणून मी स्वतः अशा खोडाला २० इंचांखाली जात नाही.

हे तिन्ही आकडे खडूने खोडावरच लिहून ठेवावेत. पुढची पायरी त्यांपैकी कोणता शक्य आहे हे सांगते.

३. इंजिन किती बार ओढू शकते ते पाहा

अंतिम शब्द माहितीपुस्तिकेतील तक्त्याचा. अंदाजासाठी पेट्रोलवरच्या यंत्रांचे सर्वसाधारण प्रमाण असे धरता येते:

- ३५ ते ४५ सीसी: १४ ते १६ इंच
- ५० सीसीच्या आसपास: १६ ते १८ इंच, मऊ लाकडात २०
- ६० सीसीच्या आसपास: २० इंच, मऊ लाकडात २४
- ७० सीसीच्या आसपास: २० ते २८ इंच
- ९० सीसी आणि पुढे: २८ ते ३६ इंच

टणक लाकूड असेल तर पल्ल्याचा खालचा आकडा घ्यावा.

ही मर्यादा येते कुठून, हे एकदा दाते मोजून पाहिले की स्पष्ट होते. ३/८ पिचच्या नेहमीच्या चेनमध्ये कापणारा दाता साधारण ३८ मिलिमीटरवर एक असतो. ५० सेंटिमीटर लाकडात एका वेळी सुमारे १३ दाते रुतलेले असतात, ७० सेंटिमीटर लाकडात १८. प्रत्येक दात्याला ढलपी उचलायची असते आणि ती खोडाबाहेर येईपर्यंत पुढच्या दात्याच्या तोंडाशी वाहायची असते. इंजिन तेवढेच, दाते पाच जास्त. मग चेनचा वेग उतरतो, दाता लाकूड कापण्याऐवजी घासू लागतो आणि घासल्याने उष्णता वाढते. माझ्या बारवर उमटलेले निळे डाग त्या उष्णतेचेच होते. अशा वेळी यंत्र दाबून रेटण्याचा मोह होतो. रेटल्याने क्लच घसरू लागतो आणि तोही तापतो.

इंजिन जो बार ओढू शकत नाही तो आकडा लगेच खोडून टाकावा. ६० सीसीच्या यंत्रावर आमच्या उदाहरणातला ३२ इंची पर्याय संपला. टणक लाकडात २४ इंचीही संपला. राहिला २० इंची आणि दोन्ही बाजूंनी काप. एखाद्याच झाडासाठी मोठे यंत्र विकत घेण्यापेक्षा ते काम अनुभवी माणसाकडे द्यावे, असे माझे मत आहे. आणि तुमच्या कामातली बहुतेक खोडे ३०-४० सेंटिमीटरची असतील तर बार त्या खोडांसाठी निवडावा. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या झाडासाठी रोज जड बार वाहण्यात अर्थ नाही.

४. बारवरील माप नीट वाचा

विकताना सांगितलेली लांबी ही कापू शकणारी लांबी असते, म्हणजे यंत्राच्या पुढच्या कडेपासून बारच्या नाकापर्यंतची, म्हणजे पुढच्या टोकापर्यंतची. बार हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत मोजला तर आकडा जास्त येतो, कारण मागचा भाग यंत्राच्या झाकणाखाली जातो. जुन्या बारच्या जागी नवा मागवताना ही चूक फार होते. शिवाय यंत्राच्या पुढे लाकडात रुतवायचे मोठे पोलादी काटे बसवलेले असतील तर प्रत्यक्ष लांबीतून एखादा इंच आणखी कमी होतो. २० इंची म्हणून घेतलेला बार खोडात १९ इंचच जातो, हे दोन्ही बाजूंनी कापताना लक्षात ठेवावे लागते.

लांबी जुळली म्हणजे बार बसेलच असे नाही. मागच्या शेपटीतील फट, तेलाचे छिद्र आणि चेन ताणण्याच्या खिळीचे छिद्र वेगवेगळ्या यंत्रांत वेगवेगळ्या जागी असते. तेलाचे छिद्र थोडे सरकलेले असेल तर बार बसतो, चालतो आणि कोरडा राहून जळतो. वरून सगळे ठीक दिसत असल्याने ही चूक उशिरा कळते.

५. चेन बारशी आणि यंत्राशी जुळवा

इथे तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही बहुधा बारच्या शेपटीजवळ कोरलेल्या असतात. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिवेटांमधल्या अंतराचा निम्मा भाग, ०.३२५ इंच, ३/८ इंच आणि ०.४०४ इंच हे नेहमी दिसणारे पिच. लहान यंत्रांवर ३/८ चाच एक बुटका प्रकार येतो. तो आणि पूर्ण ३/८ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गेज म्हणजे बारच्या खोबणीत धावणाऱ्या खालच्या पात्यांची जाडी, १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर ही त्याची मापे. तिसरी गोष्ट त्या पात्यांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, संख्या.

चेन मागताना ‘२० इंची चेन द्या’ असे म्हणू नये. ३/८ पिचच्या २० इंची बारला बहुधा ७२ लिंक लागतात, पण ०.३२५ पिच असेल तर त्याच लांबीला ७८ ते ८१ लागू शकतात. जुनी चेन जमिनीवर पसरून खडूने खूण करत लिंक मोजल्या की प्रश्न मिटतो. पिच बारच्या नाकातील चाकाशी आणि यंत्रातील स्प्रॉकेटशीही, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशीही, जुळला पाहिजे.

२८ इंच आणि पुढच्या बारवर दोन दात्यांमध्ये जास्त जागा सोडलेली चेन वापरण्याची पद्धत आहे. तिच्यात दाता सुमारे ५७ मिलिमीटरवर येतो, म्हणजे ७० सेंटिमीटर लाकडात १२ दाते, जवळपास आपल्या २० इंची बारइतकेच. इंजिनवरचा भार त्यामुळे उतरतो आणि ढलप्यांना बाहेर यायला वाव मिळतो. काप थोडा खडबडीत होतो, पण झाड पाडताना त्याने काही बिघडत नाही. दात्याचा कोपरा टोकदार असलेली चेन स्वच्छ, ओल्या लाकडात वेगाने कापते. बुंध्याच्या सालीत माती बसलेली असेल किंवा लाकूड वाळलेले असेल तर गोलसर कोपऱ्याची चेन धार जास्त वेळ टिकवते.

६. तेल नाकापर्यंत पोचते का ते तपासा

यंत्रातील पंप ठरावीक तेल सोडतो. बार लांब झाला की तेच तेल जास्त अंतरावर पसरावे लागते. तेलाचा प्रवाह कमी-जास्त करण्याचा स्क्रू असेल तर लांब बारसाठी तो वाढवावा. स्क्रू नसेल तर तक्त्यातील सर्वांत लांब बार टाळावा. तपासणी सोपी आहे: बारचे नाक एखाद्या कोरड्या पुठ्ठ्यापासून किंवा ताज्या कापलेल्या बुडख्यापासून वीतभर अंतरावर धरून यंत्र काही क्षण वेगात चालवावे. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. न उमटल्यास खोबणी व तेलाचे छिद्र भुशाने तुंबलेले आहे का ते पाहावे.

७. यंत्र हातात धरून तोल पाहा

लांब बार चढवला की यंत्र पुढे झुकते. काही मिनिटे कमरेच्या उंचीवर आडवे धरून पाहिले की मनगटाला ते समजते. झाड पाडताना बार बराच वेळ असाच आडवा धरावा लागतो, आणि थकलेल्या हातात नाक हळूहळू खाली उतरते, काप तिरपा जातो व बिजागरी एका बाजूला पातळ होते.

नाकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही लागला तर बार उसळून कापणाऱ्याकडे येतो. बार लांब असला तर नाक खोडाच्या पलीकडे बाहेर येते, आणि तिथे झुडूप आहे, दगड आहे की माणूस उभा आहे, हे अलीकडून दिसत नाही. माझी एक नवीकोरी चेन अशाच पलीकडच्या दगडाला लागून क्षणात बोथट झाली. बार आखूड असला तर नाक लाकडाच्या आत राहते आणि ते कुठे आहे याचा अंदाज बाहेर दिसणाऱ्या बारवरूनच करावा लागतो. दोन्हींत धोका आहे, फक्त वेगळ्या ठिकाणी. काम सुरू करण्याआधी पलीकडची बाजू स्वतः चालून पाहावी, आणि आखूड बारवर ठरावीक अंतरांवर मार्करने खुणा करून घ्याव्यात.

८. आखूड बारने कापायचे ठरवले तर

निवड २० इंचांवर थांबली असेल तर ७० सेंटिमीटरच्या खोडावर कापाची आखणी खडूने आधी करावी. ही आखणी जमत नाही असे वाटले तर बार बदलू नये, काम दुसऱ्याला द्यावे.

खाचेच्या दोन्ही बाजू खोडाच्या उजव्या व डाव्या अंगाने कापाव्या लागतात आणि चारही काप एका रेषेत भेटले पाहिजेत. एखादा काप दुसऱ्याच्या पुढे गेला तर खाचेच्या टोकाशी बिजागरीत चीर राहते. झाड झुकू लागल्यावर खाच वेळेआधी मिटते किंवा बिजागरी तिथून तुटते, आणि मग झाड कुठे जाईल हे सांगता येत नाही. म्हणून एका बाजूचा काप झाल्यावर यंत्र बंद करून दुसऱ्या बाजूने वाकून पाहावे. खाचेत उरलेला छोटासा तुकडाही काढून टाकावा.

मागच्या कापाची पातळी आणि बिजागरीची मागची रेषा सालीवर दोन्ही बाजूंना आखावी. बिजागरीची जाडी व्यासाच्या एक दशांशाच्या आसपास, म्हणजे इथे सुमारे ७ सेंटिमीटर राखावी. आधी एका अंगाने रेषेपर्यंत कापावे, त्या कापात पाचर बसवावी आणि मग दुसऱ्या अंगाने त्याच पातळीवर कापत यावे. पहिल्या बाजूला कापताना नाक आत वळून बिजागरीत घुसत नाही ना, याकडे सगळे लक्ष ठेवावे. बाहेरून काप रेषेवर थांबलेला दिसतो आणि आत मात्र नाकाने बिजागरीचा मध्य खाल्लेला असतो. शेवटचा काप ज्या बाजूने करायचा तिथून मागे तिरपी, पडण्याच्या दिशेपासून दूर जाणारी वाट आधीच मोकळी करून ठेवावी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नसावे.

खोडाचा व्यास बारच्या दुपटीहून जास्त असेल तर खाचेतून मध्यभागी नाक घुसवून आतले लाकूड आधी कापण्याची एक पद्धत आहे. बार उसळण्याचा सर्वाधिक धोका त्याच क्षणी असतो. शिकवणारा माणूस शेजारी असल्याशिवाय ती करू नये.

९. मोठ्या झाडाआधी ओंडक्यावर चालवून पाहा

नवा बार आणि नवी चेन थेट उभ्या झाडाला लावू नये. आडव्या पडलेल्या जाड ओंडक्यावर चार-पाच काप घ्यावेत, दरम्यान यंत्र बंद करून चेनचा ताण पाहावा. लांब बारवर चेन तापून जास्त सैल होते. ताण योग्य असेल तर ती बारच्या खालच्या कडेला टेकलेली राहते आणि हातमोजा घालून हाताने ओढल्यास मोकळी फिरते. पूर्ण बार लाकडात असताना यंत्राच्या वजनानेच काप खाली उतरत असेल, ढलप्या जाड पडत असतील आणि इंजिनचा आवाज बसत नसेल, तर जोडी जमली. आवाज बसत असल्यास आधी धार पाहावी. धार चांगली असूनही तसेच होत असेल तर एक माप आखूड बार चढवावा.

काम संपल्यावर चेन थोडी सैल करून ठेवावी, कारण तापलेली असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आकसते आणि बारसह इंजिनच्या दांड्यावर ताण देते. चेनला धार लावताना दर वेळी बारही उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात, आणि कडेला आलेली धातूची बारीक किनार चपट्या कानशीने काढून टाकावी.